हलक्या फ्रेमवर्कचे ओझे कोण वाहते?

समजा, एका सार्वजनिक वाचनालयासाठी पुस्तकांच्या देवघेवीची नोंद ठेवणारा छोटा प्रोग्राम लिहायचा आहे. एका संगणकावर विंडोज आहे, दुसऱ्यावर लिनक्स, आणि हिशेब पाहणारे गृहस्थ मॅक वापरतात. प्रोग्रामला हवी आहे ती एक यादी, चार-पाच रकाने, शोधण्यासाठी एक चौकोन आणि दोन बटणे. हेच काम इलेक्ट्रॉन या फ्रेमवर्कमध्ये, म्हणजे प्रोग्राम ज्यावर उभारायचा त्या तयार सांगाड्यात केले, तर डिस्कवरची शंभर-दीडशे एमबी जागा सहज जाते, कारण अशा प्रत्येक प्रोग्रामच्या पोटात क्रोमियम हा अख्खा ब्राउझर आणि जावास्क्रिप्ट चालवणारी नोड ही यंत्रणा बसवलेली असते. एफएलटीके या टूलकिटमध्ये, म्हणजे खिडक्या, बटणे, याद्या पुरवणाऱ्या संचात केले, तर तोच प्रोग्राम एक-दोन एमबीत मावतो.

एवढा फरक पाहिल्यावर निवड तिथेच संपली असे वाटणे साहजिक आहे. मात्र एफएलटीकेने जी शंभर एमबी वगळली, तिच्यात निव्वळ फुगवटा नव्हता. त्यातली काही कामे खरोखरच लागणारी होती. फ्रेमवर्कने न उचललेले काम ऑपरेटिंग सिस्टीमने उचलले तर उत्तम, नाहीतर ते प्रोग्रामरवर येते, आणि त्यानेही टाळले की वापरणाऱ्याच्या माथी बसते. म्हणून फ्रेमवर्क किती हलके आहे याच्याबरोबरच ते कशाने हलके झाले आहे, हेही पाहावे लागते.

ऑपरेटिंग सिस्टीम प्रोग्रामला मुळात फार थोडे देते: पडद्यावरचा एक आयत, आणि त्या आयतात माउस हलला, कळ दाबली गेली, आकार बदलला, अशा घटनांची वर्दी. विंडोज आणि मॅक यांच्यापाशी त्याखेरीज स्वतःची तयार बटणे, याद्या आणि मजकुराचे चौकोन असतात. लिनक्सवर एक्स ११ किंवा वेलँड ही पडदा सांभाळणारी यंत्रणा बटण म्हणजे काय हे जाणतच नाही; तिथे बटण काढणे हे टूलकिटचेच काम असते. तिन्हीकडे चालणारा प्रोग्राम हवा असेल, तर या विषमतेतून वाट काढण्याच्या तीन रीती आहेत.

पहिली रीत म्हणजे त्या त्या सिस्टीमची तयार बटणे वापरणे. एडिंबरा विद्यापीठात ज्युलियन स्मार्ट यांनी १९९२ मध्ये सुरू केलेले डब्ल्यूएक्सविजेट्स हे टूलकिट याच वाटेने जाते, आणि ध्वनिसंपादनाचा ऑडॅसिटी हा प्रोग्राम त्यावरच वाढला. बटणे सिस्टीमचीच असल्याने प्रोग्राम परका वाटत नाही. पण तिन्ही ठिकाणच्या खोडी प्रोग्रामरला सांभाळाव्या लागतात. संवादचौकटीत ‘ठीक’चे बटण मॅकवर उजव्या टोकाला असते, तर विंडोजवर ‘रद्द’च्या डावीकडे. क्षुल्लक वाटणाऱ्या अशा गोष्टींतच कित्येक संध्याकाळी खर्ची पडतात.

दुसरी रीत म्हणजे रिकामा आयत घेऊन सगळे स्वतः रेखाटणे. एफएलटीके हे तिचे सर्वांत काटकसरी उदाहरण. चित्रपटांचे दृश्यपरिणाम करणाऱ्या डिजिटल डोमेन या संस्थेत काम करताना बिल स्पिट्झॅक यांनी ते आकाराला आणले. त्यातल्या प्रत्येक घटकाला आपला कोणता भाग बिघडला आहे, म्हणजे पुन्हा काढायचा आहे, याची खूण जवळ बाळगता येते. बाकीचा पडदा तसाच राहतो. नॉर्वेत जन्मलेले आणि १९९५ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेले क्यूटीही स्वतःच रेखाटते, पण त्याचा पसारा मोठा आहे. विंडोजवर त्याचे तीन मूलभूत भागच वीसेक एमबी होतात.

तिसरी रीत ब्राउझरची. गिटहबने २०१३ मध्ये कोड लिहिण्याच्या अ‍ॅटम या प्रोग्रामसाठी जे कवच तयार केले, त्याचेच २०१५ मध्ये इलेक्ट्रॉन असे नामकरण झाले. रस्ट या भाषेतल्या टॉरी या फ्रेमवर्कने त्यातले वजन हुशारीने काढून टाकले. ब्राउझर सोबत न नेता ते सिस्टीममध्ये आधीच असलेला वापरते: विंडोजवर वेबव्ह्यू २, मॅकवर आणि लिनक्सवर वेबकिट. त्यामुळे प्रोग्राम काही एमबीत आटोपतो. मात्र चालू झाल्यावर ब्राउझरचे इंजिन मेमरीत येतेच, आणि ते तिन्हीकडे एकसारखे नसल्याने एकीकडे जुळलेले पान दुसरीकडे हलू शकते.

आता आपल्या वाचनालयाकडे परत येऊ. रकान्यांत मराठी पुस्तकांची नावे असणार आहेत, आणि खरी परीक्षा इथे होते. ‘दुसऱ्या’ हा शब्द संगणकाच्या मेमरीत सात संकेतांचा असतो: द, उकार, स, नुक्त्याचा ऱ, हलन्त, य आणि काना. यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत प्रत्येकी तीन याप्रमाणे ते एकवीस बाइट होतात. या सात संकेतांची सात चित्रे ओळीने मांडली, तर खाली टिंब आणि पाय मोडलेला ऱ दिसतो आणि त्याच्या शेजारी सुटा ‘या’. ‘किल्ला’ या शब्दात ऱ्हस्व वेलांटीचा संकेत क नंतर येतो, पण ती दिसायला हवी क च्या आधी. ही अदलाबदल कोणी केली नाही, तर वेलांटी क ला सोडून पुढच्या ल ला बिलगते. आचार्यांना आणि आचाऱ्यांना या दोन शब्दांतला फरकही असाच संकेतांवरून ओळखून वेगळ्या चित्रांत उतरवावा लागतो, एरवी गुरूंचे आमंत्रण स्वयंपाक्यांना जायचे.

हे काम फाँट एकटा करत नाही. फाँटमध्ये नियम लिहिलेले असतात. ते वाचून अक्षरे जुळवणारे स्वतंत्र इंजिन लागते. हार्फबझ हे त्यांतले मुक्त आणि सर्वत्र वापरले जाणारे इंजिन आहे. ते क्रोमियममध्ये आहे, क्यूटीतही आहे. विंडोज आणि मॅक यांच्यापाशी स्वतःची इंजिने आहेत, आणि म्हणूनच गंमत अशी होते की हलक्या टूलकिटमध्ये लिहिलेला प्रोग्राम विंडोजवर सुरेख मराठी दाखवतो आणि लिनक्सवर मोडकी. पायथन शिकणाऱ्यांच्या परिचयाचे टीके हे याचे ठळक उदाहरण: बराच काळ प्रचारात असलेल्या त्याच्या ८.६ या आवृत्तीत लिनक्सवर अक्षरजुळणीची सोय नाही. एफएलटीकेमध्ये २०२४ च्या १.४ आवृत्तीपासून पँगो ही मजकूर मांडणारी लायब्ररी जोडून ती जुळणी साधता येते. म्हणजे वगळलेले वजन परत आणले की जोडाक्षरेही परत येतात. ज्यांनी ही टूलकिटे प्रथम रचली, त्यांच्या लिपीत एका संकेताला एक चित्र पुरत होते, त्यामुळे त्यांना उणीव जाणवली नसावी. दोष मी त्यांना देत नाही. निवड करताना मात्र आपण आपल्या लिपीच्या बाजूने पाहिले पाहिजे.

अंध वाचकांच्या बाबतीतही असेच घडते. पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर चित्र पाहत नाही; ‘हे बटण आहे, त्यावर जमा असे लिहिले आहे’ ही माहिती प्रोग्रामने त्याला पुरवावी लागते. सिस्टीमची तयार बटणे ती आपोआप पुरवतात, ब्राउझरही पुरवतो. स्वतः रेखाटणाऱ्या टूलकिटला ती वेगळी लिहावी लागते. क्यूटीने ती लिहिली आहे. एफएलटीकेने लिहिलेली नाही.

डिअर इमगुई हे खेळ तयार करणाऱ्यांचे लाडके साधन काही मोजक्या फायलींत सामावते, आणि आकारावरून निवड करणाऱ्याला ते मोहात पाडते. त्याची पद्धत अशी की बटण कुठे लक्षात ठेवलेले नसते. सेकंदाला साठ वेळा सगळा पडदा नव्याने सांगितला जातो. ज्या खेळात पडदा तसाही सतत बदलत असतो तिथे हे शोभते. नोंदवही मात्र दिवसभर निवांत उघडी असते, आणि तिथे हा खटाटोप विजेच्या खर्चात दिसू लागतो. शिवाय अक्षरजुळणी त्यात नाहीच.

परवान्याचा मुद्दा थोडक्यात: एफएलटीके आणि डब्ल्यूएक्सविजेट्स आपल्या प्रोग्राममध्ये पूर्ण मिसळून, त्याचा कोड उघड न करता वाटण्याची मुभा देतात, क्यूटी फुकट वापरायचे तर बहुधा त्याच्या फायली वेगळ्या ठेवणे सोयीचे पडते.

या वाचनालयासाठी मी क्यूटीची साधी विजेट्स, म्हणजे तयार बटणे आणि याद्या, निवडेन. वीस-तीस एमबी म्हणजे फोनवरची काही छायाचित्रे. पेनड्राइव्हवरून ती मिनिटभरात तिन्ही यंत्रांवर जातात. तरीही पूर्ण प्रोग्राम लिहिण्याआधी पंधरा-वीस ओळींचा नमुना लिनक्सच्या यंत्रावर चालवून पाहीन: एक चौकोन, त्यात इनस्क्रिप्ट कळफलकाने टंकलेले ‘दुसऱ्या किल्ल्यावर’, आणि मग कर्सर मध्ये नेऊन मागे खोडण्याची कळ एकदा दाबायची. शब्द उमटतो नीट आणि खोडताना फुटतो, असेही होते.