खाजन आणि कुळागर: काय मोजायचं, कशाने आणि कधी

खाजन म्हणजे नदीकाठी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल जमीन. तिथलं भात तरतं की जातं, हे पुष्कळदा मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या वाटेच्या, दारावर ठरतं. भरतीला नदीचं पाणी बाहेरून रेटा देतं आणि दार मिटतं. ओहोटीला आतलं पाणी दार ढकलून नदीत निघून जातं. फळी कुजली, फटीत लाकूड अडकलं किंवा मासळीसाठी दार मुद्दाम उघडं ठेवलं, की खारं पाणी आत येतं. पाण्याकडे बघून ते ओळखता येत नाही. रोपांची टोकं करपायला लागली की कळतं, आणि तेव्हा हातात फारसं काही उरलेलं नसतं.

रसायनं न घालता, बांध, भात आणि मासळी एकत्र सांभाळून जमीन जिवंत ठेवणारी ही पद्धत गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या आहे. पुनरुज्जीवी शेतीच्या चर्चेत उपग्रह आणि सेन्सरचं नाव आधी निघतं. आमच्या मते आधी निर्णय ठरवावा: लावणी कधी करायची, दार कधी दुरुस्त करायचं, पाणी कधी द्यायचं. ज्या आकड्याने यांतला एकही निर्णय बदलत नाही, तो गोळा करण्यात वेळ घालवू नये.

खाजनासाठी पहिलं साधन म्हणजे खिशात मावणारा ईसी, म्हणजे विद्युतवाहकता, मोजणारा मीटर. पाण्यातून वीज किती सहज वाहते यावरून तो क्षार सांगतो. एकक डेसीसिमेन्स प्रति मीटर. समुद्राचं पाणी साधारण 50 भरतं. भाताचं उत्पन्न मातीच्या संपृक्त, म्हणजे पाण्याने पुरत्या भिजवलेल्या, लगद्यातली ईसी 3 च्या पुढे गेली की घटू लागतं, आणि पुढच्या प्रत्येक एककामागे सुमारे 12 टक्के कमी होतं. कोरगुटसारखे स्थानिक वाण याहून जास्त सोसतात, पण कोवळं रोप आणि फुलोरा हे दोन टप्पे त्यांनाही नाजूकच.

मातीचा नमुना 0 ते 15 सेंटिमीटर खोलीवरून घ्या, सावलीत वाळवा, चाळा. 20 ग्रॅम मातीत 40 मिलिलिटर डिस्टिल्ड पाणी (बॅटरीत भर घालायला मिळतं ते, आम्ल नव्हे) घाला, अर्धा तास अधूनमधून हलवा, गाळ बसू द्या आणि वरच्या पाण्यात मीटर बुडवा. विहिरीचं किंवा नळाचं पाणी चालत नाही, कारण त्यातले क्षार आकड्यात मिसळतात. असा मिळालेला आकडा लगद्याच्या आकड्यापेक्षा बराच कमी येतो, म्हणून त्याची तुलना वर सांगितलेल्या 3 शी थेट करू नका. त्याच जागेच्या मागच्या आकड्याशी करा. मीटर दर काही दिवसांनी 1.413 च्या प्रमाणित द्रावणात तपासायचा. तापमानाची दुरुस्ती आपोआप करणाराच मीटर घ्या. पाणी एक अंशाने तापलं तर ईसी सुमारे 2 टक्के वाढते, आणि सकाळ-दुपारच्या फरकावरून क्षार वाढल्याचा गैरसमज होतो.

मे अखेरीस एक मोजणी, मग पाऊस सुरू झाल्यावर दर आठवड्याला त्याच पाच-सहा जागी. पावसाने मीठ धुपून ओहोटीला बाहेर गेलं की आकडा भराभर उतरतो. तो दोन आठवडे खाली स्थिर राहिला की लावणी करा. उतरता उतरता मध्येच चढला, तर आधी मानस बघा.

मानशीपाशी पाण्याची पातळी नोंदवणारे दोन सेन्सर लावले, एक बाहेर नदीच्या बाजूला आणि एक आत पोंयमध्ये (दाराच्या आतल्या, पाणी साचणाऱ्या खोलगट भागात), तर दाराची गळती पकडता येते. दर दहा मिनिटांनी नोंद पुरते. दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं जातात. आतली पातळी याच तालाने चढउतार करत असेल, तर पाणी दारातून किंवा बांधातून येतंय. पावसाने वाढलेली पातळी या तालावर चालत नाही. गळती किती, तेही काढता येतं: एक हेक्टरच्या पोंयमध्ये भरतीला 2 सेंटिमीटर पाणी चढलं, म्हणजे 200 घनमीटर, दोन लाख लिटर. त्यात लिटरमागे 20 ग्रॅम मीठ असेल तर एका भरतीत 4 टन मीठ आत आलं. मानशीच्या मासळीचा लिलाव घेणारा आणि भात पिकवणारा यांच्यात दार कधी उघडायचं यावरून वाद होतो, तेव्हा अशी नोंद दोघांसमोर ठेवता येते.

पातळीसाठी ध्वनिलहरींचा सेन्सर स्वस्त पडतो, पण हवेच्या तापमानाबरोबर ध्वनीचा वेग बदलतो. 2 मीटर अंतरावर 10 अंशांचा फरक पडला, तर मोजणी 3 ते 4 सेंटिमीटर चुकते. म्हणजे जी 2 सेंटिमीटरची गळती शोधायची, तीच चुकीत बुडाली. सोबत तापमान मोजून दुरुस्ती करा किंवा पाण्यात बुडणारा दाबाचा सेन्सर घ्या. दाबाच्या सेन्सरवर शिंपलं आणि शेवाळ बसतं. पंधरवड्याला ब्रशने साफ करावंच लागतं.

उपग्रहाबद्दल अपेक्षा माफक ठेवाव्यात. सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहाची चित्रं फुकट मिळतात. एक ठिपका जमिनीवर 10 बाय 10 मीटरचा. लहान तुकड्यात त्या ठिपक्यात निम्मा बांधच येतो. जून ते सप्टेंबर गोव्यावर ढग असतात, म्हणजे सरद, म्हणजे पावसाळी, हंगामातल्या भाताचं हिरवेपण नेमकं तेव्हाच दिसत नाही. ढगांतून पार जाणारं रडार सेंटिनेल-1 वर आहे. शांत साचलेलं पाणी त्यात काळं दिसतं आणि रोपं वाढली की उजळत जातं, म्हणून कुठलं शेत पाण्याखाली राहिलं ते त्यातून समजतं. वायंगणाच्या, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या पिकाच्या, वेळी आकाश मोकळं असतं. तेव्हा हिरवेपणाचा नकाशा खरोखर कामाचा.

कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या मिश्र बागेत, मात्र उपग्रहाला फक्त माडाचे आणि पोफळीचे शेंडे दिसतात. खालची मिरी, केळ, जायफळ, जमिनीवरचं आच्छादन यातलं काहीच नाही. तिथे मातीतला ओलावा मोजावा. धारिता (कपॅसिटिव्ह) पद्धतीचा सेन्सर 15 आणि 35 सेंटिमीटरवर बसवा. रोध मोजणारा (रेझिस्टिव्ह), म्हणजे दोन उघड्या पायांचा प्रकार घेऊ नका. काही आठवड्यांत पाय गंजतात. सेन्सरच्या पट्टीच्या कडा आणि वरचे सुटे भाग इपॉक्सीने बंद करा, नाहीतर पाणी कडेने आत झिरपून आकडे भरकटतात. जांभ्याच्या मातीत खड्याशेजारी पोकळी राहिली तर सेन्सर हवा मोजतो आणि माती कोरडी असल्याचं सांगतो. चाळलेल्या मातीची लापशी करून खड्ड्यात ओता, मग सेन्सर खोचा. खाजनात हा सेन्सर लावू नका. क्षारांमुळे तो फसतो.

कारखान्याचा आकडा स्वीकारण्याआधी आपल्याच मातीवर अंशांकन करा, म्हणजे सेन्सरचा आकडा खऱ्या ओलाव्याशी जुळवून बघा. पूर्ण वाळवलेली एक लिटर माती डब्यात शेतातल्याइतकी दाबून भरा, सेन्सर खोचा, वाचन लिहा. मग 100 मिलिलिटर पाणी नीट मिसळा, पुन्हा तितकीच दाबा, पुन्हा वाचन. हा 10 टक्के ओलावा. माती चिखल होईपर्यंत असंच चालू ठेवा. आच्छादनाखाली ओलावा किती दिवस टिकतो ते यानंतर कळतं, आणि पाटाने पाणी देण्याच्या दोन पाळ्यांतलं अंतर त्यावरून ठरवता येतं.

सेंद्रिय कर्बाची बाब वेगळी. तो वर्षानुवर्षं हळूहळू बदलतो, आणि प्रयोगशाळेच्या दोन तपासण्यांतला फरकच कधीकधी वर्षभराच्या वाढीपेक्षा मोठा निघतो. दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच जागी, त्याच खोलीवरून नमुना घ्या आणि तीन ते पाच वर्षांनीच निष्कर्ष काढा. साठा काढायचा तर कर्बाची टक्केवारी, बारीक मातीची घनता आणि सेंटिमीटरमधली खोली यांचा गुणाकार करा: 1.2 × 1.3 × 15, म्हणजे हेक्टरी 23.4 टन. पण जांभ्याच्या जमिनीत आकारमानाने 25 टक्के खडे असतील तर खरा साठा 17.5 टनच. खडे वजा न केलेला कर्बाचा दाखला कुणी दाखवला, तर हा प्रश्न जरूर विचारा.

नोंदींसाठी ओडीके कलेक्टसारखं नेटवर्कशिवाय चालणारं ॲप फोनवर पुरतं. तारीख, वेळ, भरती की ओहोटी, जागेचा क्रमांक, खोली, आकडा आणि त्या दिवशी काय केलं, इतके रकाने. फोनचं स्थान झाडांखाली सहज 10 मीटर चुकतं, म्हणून जागेवर रंगवलेली खुंटी ठोका आणि तिचा क्रमांक लिहा. ही माहिती बांध सांभाळणाऱ्या शेतकरी संघाच्या नावावर ठेवावी. उपकरणवाल्याच्याच खात्यात साठवली, तर वर्गणी थांबली की मागच्या वर्षांचे आकडे हातचे जातात. महिन्याला एकदा सगळं उतरवून दुसऱ्या फोनवर प्रत ठेवा, आणि पावसाळ्याआधी मानशीजवळच्या पेट्यांमधली सिलिका जेल बदला.