फ्लडलाइट कॅमेरा घेण्याआधी भिंत बघा

दुकानात आल्या आल्या बहुतेक जण विचारतात, "किती मेगापिक्सेल?" आमचा उलटा प्रश्न असतो: जिथे लावायचाय तिथे विजेचा पॉइंट आहे का? फ्लडलाइट कॅमेऱ्यात दिवा, कॅमेरा आणि हालचाल ओळखणारा सेन्सर एकत्र असतात, आणि हे सगळं घरच्या २३० व्होल्टवर चालतं. पोर्चमध्ये जुना दिवा असेल तर त्याच जागी बसतं. नसेल तर वायर ओढण्याचा खर्च आधी धरा. आणि हो, पोर्चच्या बटणावर "बंद करू नये" अशी चिठ्ठी लावा. सवयीने कोणीतरी दिवा घालवतं आणि कॅमेराही झोपतो.

उंची नऊ-दहा फूट पुरे. गच्चीच्या कठड्यावर लावलात तर रेकॉर्डिंगमध्ये फक्त टकलं आणि हेल्मेटं दिसतील (पुण्यात हेल्मेटंही क्वचितच). सेन्सर उष्णतेतला बदल टिपतो. माणूस त्याच्यासमोरून आडवा गेला तर चटकन कळतं, सरळ त्याच्याच दिशेने चालत आला तर उशिरा. म्हणून कॅमेरा फाटकाच्या नाकासमोर नको, जरा बाजूला हवा.

धायरीतल्या एका काकूंचा फोन आला, "अहो, तुमचा दिवा रात्रभर पेटतोय, विझतोय, शेजारी हसतात." जाऊन पाहिलं तर सेन्सरच्या खालीच एसीचं बाहेरचं युनिट. त्याचा गरम झोत आला की दिवा लागायचा. सेन्सर थोडा फिरवला, संवेदनशीलता कमी केली, प्रश्न मिटला. मांजरी-कुत्र्यांचा त्रास असेल तर माणूस वेगळा ओळखणारं मॉडेल घ्या, थोडे पैसे जास्त पडतात पण फोन सारखा वाजत नाही.

पावसासाठी किमान आयपी ६५ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचं मानांकन) हवं. पण पाणी बहुधा कॅमेऱ्यातून नाही, वायरवरून ओघळत आत शिरतं. वायर जोडणीच्या डब्यात जाण्याआधी तिला खाली एक झोळ ठेवायला वायरमनला सांगा, पाणी तिथेच टपकून जातं. सोलरवाले आम्ही या कामाला सुचवत नाही, जुलै-ऑगस्टच्या ढगाळ हवेत बॅटरी नीट भरत नाही. गुरुवारी लाइट जात असेल तर कॅमेऱ्याबरोबर राउटरही इन्व्हर्टरवर घ्या.

दिवा लागला की रात्रीचं चित्र रंगीत येतं, एरवी काळंपांढरं. काळ्यापांढऱ्यात काचेजवळचं कोळ्याचं जाळं झगझगीत पांढरं दिसतं, तेव्हा अधूनमधून फडकं मारा. रेकॉर्डिंग फक्त कॅमेऱ्यातल्या कार्डावर असेल तर चोर कॅमेऱ्यासकट पुरावाही घेऊन जातो. घरात रेकॉर्डर ठेवा, नाहीतर क्लाउडचं दरमहा भाडं आधीच विचारून घ्या.

स्वस्त मिळतोय म्हणून कुठलाही डबा उचलू नका. एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्हीसाठी केंद्र सरकारचे नवे सुरक्षा निकष लागू आहेत, डब्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणी क्रमांक पाहून घ्या. शेजाऱ्यांची खिडकी चौकटीत येत असेल तर तो भाग अ‍ॅपमधून झाका, आणि दिव्याचं तोंडही त्यांच्या बेडरूमकडे नको. सोसायटीत राहत असाल तर कमिटीला आधी विचारा.

आमच्याकडे येताना दोन गोष्टी करून या. भिंतीचा फोटो काढा. मग घराचं दार लावून, मोबाइल घेऊन तिथे उभे राहा आणि राउटरच्या २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर (बहुतेक कॅमेरे त्यावरच चालतात) एक व्हिडिओ लावून बघा. तो अडखळला, तर राउटरचं बघूनच मग कॅमेऱ्याचं बोलू.