जपानी सुंदरींच्या चेहऱ्यावरचा शुभ्र रंग

हिशिकावा मोरोनोबू (मृत्यू १६९४) याने रेशमावर रंगवलेले ‘मागे वळून पाहणारी सुंदरी’ हे चित्र टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तांबड्या किमोनोतील स्त्री चालता चालता खांद्यावरून मागे पाहते. तिच्याभोवती काहीही रंगवलेले नाही. सुंदर स्त्रियांच्या अशा चित्रांना जपानीत ‘बिजिनगा’ म्हणतात. त्यांतील वस्त्रांच्या नक्षीचे कौतुक पुष्कळ होते, परंतु माझ्या मते चित्रकाराची खरी कसोटी चेहऱ्याच्या शुभ्र रंगात लागते.

हा रंग, ‘गोफून’, कालवांच्या शिंपल्यांपासून मिळतो. वर्षानुवर्षे उन्हापावसात ठेवलेले शिंपले दळून, पाण्यात घोळवून त्यांची बारीक पूड वेगळी काढतात आणि प्राणिज सरसात मळून वापरतात. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ते मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असते. ओला असताना हा रंग बराचसा पारदर्शक दिसतो, कारण कणांमधील पाण्याचा अपवर्तनांक (पदार्थ प्रकाशाला किती वळवतो त्याचे माप) हवेपेक्षा कणांच्या अपवर्तनांकाला अधिक जवळचा असतो. पाणी उडून त्या जागी हवा आली की प्रकाश सर्व दिशांना विखुरला जातो आणि शुभ्रता प्रकटते. म्हणजे गाल आणि कपाळ रंगवताना चित्रकाराला अजून न दिसणाऱ्या उजळपणाचा अंदाज बांधावा लागतो. हे कौशल्य मला विलक्षण वाटते.

हा थर जाड देऊन मात्र चालत नाही. चित्र गुंडाळून ठेवायचे असल्याने जाड रंगाला भेगा पडतात आणि त्याचे पोपडे निघतात. म्हणून रंग पातळ करून एकावर एक हात देतात. शिवाय जपानी चित्रकारांना आणखी एक जुनी युक्ती ठाऊक होती: रेशमाच्या मागच्या बाजूनेही रंग द्यायचा. विरळ विणीतून तो पुढे झिरपल्यासारखा दिसतो आणि त्वचेला मऊ, आतून आलेली झळाळी मिळते.

ओठांच्या लाल रंगाची कथा वेगळी आहे. एदो काळातील (सन १६०३ ते १८६८) जपानी स्त्रिया ओठांना लावत असत ते ‘बेनी’ करडईच्या फुलांपासून काढले जाई. सोलापूर भागात तेलबियांसाठी पेरली जाते तीच ही करडई. बेनीचा वापर चित्रांतही झाला, पण त्यातील कार्थामिन हे रंगद्रव्य प्रकाशात फिके पडते. हिंगुळ या पाऱ्याच्या खनिजाचा लाल त्या मानाने टिकाऊ असला, तरी तोही तीव्र प्रकाशात काळवंडू शकतो. त्यामुळे संग्रहालये अशी चित्रे मंद प्रकाशात, ठरावीक मुदतीपुरतीच मांडतात आणि नंतर पुन्हा गुंडाळून पेटीत ठेवतात.