गोळी दर महिन्याला दिली, तरी हार्टवर्म कसा?

दर महिन्याला आठवणीने गोळी दिली आणि तरी वार्षिक तपासणीत कुत्र्याचा हार्टवर्म पॉझिटिव्ह आला, की मनात दोनच शंका येतात. एक तर औषधात दम नाही, नाही तर आपल्याच हातून काही तरी राहिलं. पशुवैद्यकांमध्येही याच दोन शंकांवरून गेली वीसेक वर्षं वाद चालू आहे. तो पेटला अमेरिकेत, मिसिसिपी नदीच्या खालच्या खोऱ्यात. पण त्याकडे वळण्याआधी हे औषध नेमकं काय करतं ते पाहायला हवं, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे.

हार्टवर्म म्हणजे डायरोफिलेरिया इमिटिस हा गोलकृमी. त्याचं वर्णन जोसेफ लायडी यांनी १८५६ मध्ये केलं. तो डासांमार्फत पसरतो हे १९०० च्या सुमारास इटलीत ग्रासी आणि नोए यांनी दाखवलं. बाधित कुत्र्याच्या रक्तातल्या सूक्ष्म अळ्या, म्हणजे मायक्रोफिलेरिया, डासाच्या पोटात जातात. हवा उबदार असेल तर १० ते १४ दिवसांत त्या तिसऱ्या अवस्थेला पोचतात. डास पुढच्या कुत्र्याला चावला, की त्या जखमेतून कातडीखाली उतरतात. तिथे काही दिवसांत चौथी अवस्था येते. ५० ते ७० दिवसांच्या सुमारास त्या पुन्हा कात टाकतात आणि मग फुप्फुसाच्या धमन्यांचा रस्ता धरतात. सहा महिन्यांनी मादी पूर्ण वाढते, तेव्हा ती २५ ते ३० सेंटिमीटर लांब असते. एवढी लांबलचक जिवंत दोरी धमनीत पाच ते सात वर्षं राहू शकते.

महिन्याची गोळी काम करते ती मुख्यतः तिसऱ्या आणि चौथ्या अवस्थेवर. म्हणजे ती मागच्या महिन्यात आत आलेल्या अळ्या साफ करते. उद्या चावणाऱ्या डासाशी आजच्या गोळीचा फारसा संबंध नसतो. चौथी अवस्था ओलांडून गेलेली अळी एखाद-दुसऱ्या गोळीच्या आवाक्याबाहेर निसटते. तपासणीचं गणित तर आणखी उशिराचं. नेहमीची रक्तचाचणी पूर्ण वाढलेल्या मादीचं प्रथिन शोधते, आणि ते रक्तात सापडायला चावल्यापासून सहा-सात महिने लागतात. आजचा पॉझिटिव्ह रिपोर्ट म्हणजे किमान अर्ध्या वर्षापूर्वीची घटना. मधे कधी गोळी तीन आठवडे उशिरा दिली गेली, कुत्र्याने ती ओकून टाकली किंवा सोफ्यामागे थुंकली, वजन वाढून ते वरच्या वजनगटात गेलं तरी जुनीच पाकिटं चालू राहिली, यातलं काहीही तोवर कुणाच्या लक्षात राहिलेलं नसतं. दत्तक घेतलेल्या कुत्र्याचं आणखी वेगळं. आदल्या मालकाकडेच लागण झालेली असेल तर पहिली चाचणी निगेटिव्ह येऊ शकते आणि सहा महिन्यांनंतरची पॉझिटिव्ह. मधल्या काळातल्या सगळ्या गोळ्या बिचाऱ्या निर्दोष असतात.

महिन्याच्या गोळीतलं पहिलं औषध, आयव्हरमेक्टिन, येण्याआधी प्रतिबंध म्हणजे डायइथिलकार्बामाझिन. ते रोज द्यावं लागे, एक-दोन दिवस राहिले की संरक्षण तुटे. रक्तात आधीच मायक्रोफिलेरिया असलेल्या कुत्र्याला चुकून दिलं, तर जिवावर बेतणारी प्रतिक्रिया येई. त्यामुळे १९८७ मध्ये महिन्यातून एकदाच द्यायची आयव्हरमेक्टिनची गोळी अमेरिकेत मंजूर झाली तेव्हा पशुवैद्यांनी सुटकेचा श्वास टाकला. ज्या जिवाणूपासून हे औषध आलं तो सातोशी ओमुरा यांना जपानमधल्या एका गोल्फ मैदानाजवळच्या मातीत सापडला होता. मर्क कंपनीत विल्यम कॅम्पबेल यांच्या गटाने त्यातून जंतांवरचं औषध उभं केलं. या कामासाठी दोघांना २०१५ च्या नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला.

पुढच्या सगळ्या गोष्टीत एक आकडा महत्त्वाचा आहे. गुराढोरांना आयव्हरमेक्टिन किलोमागे २०० मायक्रोग्रॅम देतात. कुत्र्याच्या हार्टवर्मसाठी ठरलेला डोस किलोमागे फक्त ६. कोलीसारख्या काही जातींना मोठा डोस सोसत नाही. त्यांच्या एमडीआर-१ या जनुकात दोष असतो आणि औषध मेंदूत शिरतं. कोवळ्या अळ्या एवढ्याशा मात्रेने सहज मरत होत्या, त्यामुळे जास्त द्यायचं कारणच नव्हतं. डोस सुरक्षित ठरला, पण अळी थोडीशी चिवट निघाली तर हाताशी राखीव ताकद उरली नाही. मागून मिलबेमायसिन, सेलामेक्टिन, मॉक्सिडेक्टिन आली. नावं वेगळी, ब्रँड वेगळे, पण सगळी एकाच कुळातली, मॅक्रोसायक्लिक लॅक्टोन गटातली. एकाला चकवणारी अळी बाकीच्यांनाही थोडंफार चकवू शकते. ब्रँड बदलून प्रश्न सुटेल अशी आशा धरणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

या औषधांकडून अपेक्षाही अवाच्या सवा होती. इतर जंतनाशकांना मंजुरीसाठी ९० टक्के परिणाम पुरे मानणाऱ्या एफडीएने, म्हणजे औषधांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेने, हार्टवर्मच्या प्रतिबंधासाठी १०० टक्क्यांचा दंडक ठेवला. चाचणीतल्या कुत्र्यांत एकही कृमी सापडता कामा नये. कारणही होतं, कारण धमनीतले चार-पाच कृमीही लहान कुत्र्याला आजारी पाडायला पुरतात. कंपन्यांनी त्यावर हमी दिली: चाचणी निगेटिव्ह असताना औषध सुरू केलं, ते पशुवैद्याकडूनच नियमित घेतलं आणि तरी लागण झाली, तर उपचारांचा खर्च आमचा. विक्रीसाठीच दिलेली ही हमी, पण तिच्यामुळे एक वेगळाच दस्तऐवज साठत गेला. कोणत्या कुत्र्यासाठी किती डोस घेतले आणि कधी, याची नोंद दवाखान्याच्या संगणकात राहू लागली.

औषधाला दाद न देणारे हार्टवर्म निपजतील असं तेव्हा तज्ज्ञांना वाटत नव्हतं. मेंढ्यांच्या जंतांनी आयव्हरमेक्टिनला १९८० च्या दशकातच दाद देणं सोडलं होतं, तरीसुद्धा. तज्ज्ञांचा तर्क कच्चा नव्हता. मेंढ्यांचा अख्खा कळप एकदम औषध घेतो, त्यामुळे मागे उरतात ते फक्त चिवट जंत. हार्टवर्मच्या बाबतीत कोयोटी (अमेरिकेतले कोल्ह्यासारखे जंगली प्राणी), कोल्हे आणि औषध न मिळालेली असंख्य कुत्री यांच्या अंगात औषधाशी कधी गाठच न पडलेले कृमी राहतात, आणि डास बहुतांशी त्यांच्याच अळ्या उचलतो. चिवटपणाचं जनुक त्या गर्दीत विरून जाईल, असा हिशेब होता.

२००० नंतर औषध निकामी ठरल्याच्या तक्रारी वाढल्या, आणि त्या मिसिसिपीच्या खोऱ्यातून जास्त येऊ लागल्या. भरपूर डास आणि उन्हाळा लांबलचक असलेला हा भाग. ऑगस्ट २००५ मध्ये कतरिना चक्रीवादळ आलं. किनाऱ्यावरून सोडवून देशभर पाठवलेल्या कुत्र्यांची तपासणी झाली तेव्हा जवळपास निम्मी बाधित निघाली. ही बहुतेक औषध न मिळालेलीच होती, पण त्या भागात लागणीचा दाब किती आहे हे त्यातून उघड झालं. खोऱ्यातल्या २००४ ते २०११ मधल्या तक्रारी हमीच्या निमित्ताने साठलेल्या नोंदींशी ताडून पाहिल्या, तेव्हा बहुसंख्य प्रकरणांत मधल्या महिन्यांचे डोस विकतच घेतलेले नव्हते. ‘मालकच चुकतात’ म्हणणाऱ्यांना बळ मिळालं. मला हा निष्कर्ष बरोबर पण अर्धवट वाटतो. बहुसंख्य तक्रारी अशा सुटल्या तरी सगळ्या सुटल्या नव्हत्या, आणि उरलेल्यांना ‘मालक खोटं बोलतोय’ म्हणून निकालात काढणं सोयीचं होतं, एवढंच.

उरलेल्यांचं उत्तर हळूहळू आलं. २०११ मध्ये न्यू ऑर्लिन्सहून कॅनडात गेलेल्या एका कुत्र्याची नोंद प्रसिद्ध झाली. वारंवार औषध देऊनही त्याच्या रक्तातले मायक्रोफिलेरिया हटत नव्हते. पुढे आर्कान्सामधल्या एका कुत्र्यापासून मिळालेला वाण प्रयोगशाळेत वाढवला गेला. तिथल्या कुत्र्यांना त्याच्या अळ्या टोचून औषध ठरल्या वेळी, ठरल्या मात्रेत दिलं, आणि तरी कृमी वाढले. हे २०१४ मध्ये छापून आलं. इथे मालकाचा विसराळूपणा कारण म्हणून पुढे करायला जागाच नव्हती.

मग कोयोटींचा हिशेब कुठे चुकला? एक संशय ‘स्लो किल’वर आहे. मोठे कृमी मारायला १९९५ पासून मेलार्सोमिन मिळतं. ते आर्सेनिकवर आधारलेलं, महाग, इंजेक्शन कंबरेच्या स्नायूत खोल द्यावं लागतं आणि नंतर कित्येक आठवडे कुत्र्याला पळू द्यायचं नसतं. ते टाळायला अनेकांनी पॉझिटिव्ह कुत्र्याला नुसती महिन्याची गोळी चालू ठेवली. मोठे कृमी दोनहून अधिक वर्षांत हळूहळू मरतात खरे. पण तोवर त्यांची पिल्लं महिन्यामागून महिने त्याच औषधात न्हात राहतात आणि जी तगतात तीच डासाला मिळतात. अमेरिकन हार्टवर्म सोसायटी या वाटेला विरोध करते. निदान होताच डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकासोबत प्रतिबंधक औषध ती सुचवते, पण पाठोपाठ मेलार्सोमिनही.

चिवट वाणांचा फैलाव नेमका मोजणं अवघड आहे, कारण दवाखान्यातल्या नेहमीच्या चाचणीत कृमी चिवट की साधा हे दिसत नाही. औषध दिल्यावर मायक्रोफिलेरिया कितीने घटले ते मोजून अंदाज बांधता येतो. उत्पादकांनी दुसरा मार्ग धरला, तो डोस वाढवण्याचा. तोंडी मॉक्सिडेक्टिनचा जुना डोस किलोमागे ३ मायक्रोग्रॅम होता. २०२० मध्ये आलेल्या एका संयुक्त गोळीत तो २४ आहे. चिवट वाणांवर एकाच डोसापेक्षा सलग महिन्यांचे डोस जास्त परिणाम करतात असं प्रयोगांत दिसलं. म्हणजे जिथे औषध कमी पडतं तिथेच महिना चुकवणं सगळ्यात महाग पडतं. डासालाच अंगावर बसू न देणारी परमेथ्रिनसारखी औषधं हाही आता प्रतिबंधाचा भाग झाला आहे. मात्र घरात मांजर असेल तर परमेथ्रिन वापरण्याआधी पशुवैद्याला विचारावं, मांजरांना ते विषारी आहे. डोस चुकलाच तर औषध लगेच पुन्हा सुरू करतात, रक्त तेव्हाच तपासतात आणि सहा महिन्यांनी परत. दुसऱ्या रिपोर्टवर औषधाच्या पाकिटाचं नाव, वजनगट आणि दिलेल्या तारखा लिहिलेल्या असल्या, तर चूक कुठे झाली याचा निकाल तिथल्या तिथे लागण्याची शक्यता बरीच वाढते.