सैबेरियात वटवट्याची सोयरीक का जमत नाही?

हिवाळ्यात सह्याद्रीच्या जंगलात पानांआडून बारीक, दोन तुकड्यांची 'चिस्-वी' ऐकू येते. मान दुखेपर्यंत वर पाहावं, तर दिसतो फक्त हलणारा पानांचा झुबका. हा हिरवट वटवट्या. वजन जेमतेम सात-आठ ग्रॅम, भुवई फिकट, पंखावर एक पुसट पट्टी. उन्हाळ्यात स्वारी उत्तरेला जाते, आणि खरा गुंता तिथे आहे.

तिबेटच्या पठारावर झाडं नाहीत, म्हणून या पक्ष्याची वस्ती पठाराला वळसा घालून आहे. हिमालयातून एक फाटा पश्चिमेकडून मध्य आशियातल्या तिएन शान पर्वतरांगेमार्गे, दुसरा पूर्वेकडून चीनमार्गे वर जातो, आणि मध्य सैबेरियात दोन्ही टोकं भेटतात. हे कडं पक्षितज्ज्ञ क्लॉड टाइसहर्स्ट यांनी 1938 मध्येच मांडलं होतं. कड्याने चालत गेलात तर शेजारी शेजाऱ्यासारखाच वाटतो. टोकाला भेटलेले दोघे मात्र एकमेकांना जवळजवळ परके.

यात मोठा वाटा गाण्याचा. नर गाऊन मादीला बोलावतो आणि दुसऱ्या नराला हद्द दाखवतो. हिमालयात हे गाणं छोटं, साधं. उत्तरेकडे दोन्ही बाजूंना ते लांबत, गुंतत गेलं, पण वेगवेगळ्या रीतीने. जीवशास्त्रज्ञ डॅरेन अर्विन यांनी ध्वनिमुद्रित गाणी वाजवून पाहिली. आपल्या बाजूचं गाणं ऐकलं की सैबेरियातला नर भांडायला धावतो; पलीकडच्या बाजूचं वाजवलं तर ढिम्म हलत नाही.

सोयरीक नाही, तर जनुकांची देवाणघेवाणही नाही. हाच जनुकप्रवाह. पिढीमागून पिढी थोडे जरी परके पक्षी मिसळत राहिले, तरी दोन गट फार लांब जात नाहीत. मिसळणं थांबलं की एका गटातला बदल दुसऱ्यात पोचत नाही आणि फरक साचत जातो.

पण नळ बंद करावा तसा हा प्रवाह बंद होत नाही. 2014 मध्ये जनुकांचा बारकाईने अभ्यास झाला, तेव्हा एकसंध वाटणाऱ्या कड्यात प्रवाह तुटल्याच्या जुन्या खुणा सापडल्या. आणि जिथे संबंधच नाहीत असं मानलं होतं, त्या सैबेरियात थोडी सरमिसळही. पाठ्यपुस्तकातल्या गुळगुळीत कड्यापेक्षा मला हेच जास्त पटतं.

शिवाय आणखी एक अडचण. पश्चिम सैबेरियातला एक पट्टीवाला थंडीत भारताकडे येतो, पूर्वेकडचा दोन पट्ट्यांवाला आग्नेय आशियात जातो. मग या दोघांच्या पिल्लाने कुठली वाट धरायची?