पार्श्वभूमी : मृतांचे पुनरुत्थान होऊन गेले काय?

इसवी सन ७० मध्ये रोमी फौजेने यरुशलेमचे मंदिर पाडले. येशूचे पुनरागमन, शेवटचा न्याय, मृतांचे उठणे, सगळे त्याच सुमारास उरकले असे मानणारा एक लहानसा ख्रिस्ती गट आहे. त्यांना ‘फुल प्रेटरिस्ट’ म्हणतात. मग थडगी उघडली का नाहीत? त्यांचे म्हणणे, उठायचे होते ते हाडामांसाचे शरीर नव्हतेच.

हा वाद मुळात येशूचा प्रेषित पौल याच्या काळातला. ज्यूंच्या दोन पंथांपैकी परूशी पुनरुत्थान मानत, सदूकी नाकारत. आत्मा अमर असणे ग्रीकांना नवे नव्हते, पण टाकलेला देह परत कशाला हवा? अथेन्सात पौलाने विषय काढताच काहींनी थट्टा केली. करिंथच्या मंडळीतही शंका निघाली, तेव्हा त्याने पेरलेल्या दाण्याचा दाखला दिला आणि ‘आध्यात्मिक शरीर’ असे म्हटले. पुढची निम्मी भांडणे या दोन शब्दांपायी झाली. एकाने ‘शरीर’ धरले, दुसऱ्याने ‘आध्यात्मिक’.

चर्चने शरीर धरले, आणि ते विरोधकांनाही ठाऊक होते. १७७ मध्ये ल्यों (आजच्या फ्रान्समधले शहर) इथल्या ख्रिस्ती हुतात्म्यांची प्रेते सहा दिवस उघड्यावर ठेवली, मग जाळून राख ऱ्होन नदीत लोटली. आता उठतात का बघू, असा तो डाव. पुढे ख्रिस्ती धर्मपंडित ऑगस्टीनपुढे तर याहून अवघड प्रश्न होता : दुष्काळात एका माणसाने दुसऱ्याचे मांस खाल्ले, तर ते उठणार कोणाच्या अंगावर? मूळ मालकाच्या, असा त्याचा निवाडा. १२१५ च्या लॅटरन परिषदेने, म्हणजे रोममधल्या चर्चच्या धर्मसभेने, ‘आत्ता जे देह आहेत त्याच देहांसह’ उठणे ठरवून टाकले. दहनावरची १८८६ ची बंदी रोमच्या कॅथलिक चर्चने १९६३ मध्ये सैल केली, तीही दहनामागे ख्रिस्ती शिकवणीचा नकार नसेल तरच.

प्रेटरिस्टांचा धागा अलीकडचा. जे. स्टुअर्ट रसेल या पाळकाने १८७८ मध्ये पुनरागमन सन ७० शी जोडले. १९७१ मध्ये अमेरिकेत मॅक्स किंग यांनी पुनरुत्थानही तिथेच नेले. पौलाचे ‘शरीर’ म्हणजे एकेकाचा देह नव्हे, समुदाय, असा त्यांचा अर्थ.

विरोधक लगेच हुमनाय आणि फिलेत यांची नावे काढतात. ‘पुनरुत्थान होऊन गेले’ म्हणणाऱ्या या दोघांना बायबलमधल्या, तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात खोटे ठरवले आहे. प्रेटरिस्टांचे उत्तर हजरजबाबी आहे : ते दोघे हे बोलले सन ७० च्या आधी, चूक फक्त वेळेची. शिवाय, ते उलट विचारतात, पुनरुत्थान म्हणजे कबरी रिकाम्या होणे असते, तर या दोघांचे बोलणे कोणाला पटले तरी कसे असते? भरलेल्या कबरी तर गावाबाहेरच होत्या.