फॅमिली व्हिसा (आखाती देश)

आखाती देशांत नोकरी करणाऱ्या परदेशी माणसाला पत्नी आणि मुले आपल्याजवळ राहायला आणण्यासाठी मिळणारा निवास परवाना. रत्नागिरीच्या एखाद्या मोहल्ल्यात ‘त्याने फॅमिलीला नेलं’ असे कोणी म्हणाले की ऐकणाऱ्याला त्या माणसाच्या पगाराचा साधारण अंदाज येतो. तो चुकत नाही, कारण या परवान्याची मुख्य अट नात्याची नसून उत्पन्नाची आहे.

या देशांत परदेशी माणूस कोणाच्या तरी जबाबदारीवर राहतो. जबाबदारी घेणाऱ्याला ‘कफील’ म्हणतात आणि नोकरदाराचा कफील बहुधा त्याचा मालक किंवा कंपनी असते. फॅमिली व्हिसात नोकरदार स्वतःच बायकामुलांचा कफील होतो. त्यामुळे सगळ्या घराचा मुक्काम एका नोकरीवर टांगलेला राहतो. त्याचा परवाना रद्द होणार असेल, तर आधी कुटुंबाचे परवाने रद्द करावे लागतात किंवा नव्या नोकरीचा परवाना होईपर्यंत ते ‘होल्ड’वर ठेवावे लागतात.

पगाराची रेषा प्रत्येक देशात वेगळी आहे. संयुक्त अरब अमिरातीत दरमहा 4,000 दिरहॅम, किंवा 3,000 दिरहॅम आणि राहण्याची सोय, एवढे असले तर पत्नी-मुलांना आणता येते. पूर्वी तिथे हुद्दाही पाहिला जाई. 2019 पासून उत्पन्न हाच निकष झाला. कुवेतने ही रेषा सतत वर सरकवली. 2016 मध्ये ती 250 दिनारांवरून 450 दिनार झाली. 2022 मध्ये फॅमिली व्हिसा देणे जवळजवळ थांबले आणि जानेवारी 2024 मध्ये ते पुन्हा सुरू झाले तेव्हा अट होती 800 दिनार आणि पदवी. पदवीची अट त्याच वर्षी काढली, पगाराची राहिली. तेलकंपन्यांच्या काळापासून कुवेतला जात आलेल्या गोव्यातल्या घरांना हा बदल चांगलाच जाणवण्यासारखा होता.

सौदी अरेबियाने दार उघडे ठेवून भाडे लावले. जुलै 2017 पासून कुटुंबातल्या प्रत्येक आश्रितामागे दरमहा 100 रियाल आकार सुरू झाला, दरवर्षी शंभराने वाढला आणि 2020 मध्ये 400 वर पोहोचला. पत्नी आणि तीन मुले असतील तर वर्षाचे 19,200 रियाल होतात, आणि इकाम्याचे (निवासपत्राचे) नूतनीकरण करताना ते आगाऊ भरावे लागतात. मध्यम पगाराच्या असंख्य कुटुंबांनी त्या वर्षांत सामान आवरले. काहींनी इकामा सोडून व्हिजिट व्हिसाची वाट धरली: काही महिने एकत्र राहायचे आणि मुदत संपत आली की परत यायचे.

पत्नी आणि मुले यांच्यातही नियम सारखे नाहीत. अमिरातीत अविवाहित मुलीला वयाची मर्यादा नाही. मुलग्याला 2022 पासून 25 वर्षांपर्यंत आणता येते, त्याआधी ही मर्यादा 18 होती. आई-वडिलांना आणण्याच्या अटी सगळीकडेच अधिक कडक. पत्नीही कफील होऊ शकते, पण हा मार्ग मुख्यतः परिचारिका, शिक्षिका, डॉक्टर अशा नोकरदार स्त्रियांनाच उपयोगी पडतो. फॅमिली व्हिसावर आलेल्या पत्नीला अमिरातीत नवऱ्याच्याच परवान्यावर राहून वेगळा कामाचा परवाना काढता येतो.

खरा वेळ खातात ते कागद. विवाहाचा दाखला आणि मुलांचे जन्मदाखले राज्य शासनाकडून (महाराष्ट्रात मंत्रालयातून), मग परराष्ट्र मंत्रालयाकडून साक्षांकित करून घ्यावे लागतात. पुढचा टप्पा देशानुसार बदलतो. ओमान, बहरीन आणि डिसेंबर 2022 पासून सौदी अरेबिया ‘अपोस्टिल’ करारात (एकमेकांचे साक्षांकित कागद मान्य करण्याच्या आंतरराष्ट्रीय करारात) असल्याने परराष्ट्र मंत्रालयाचा तो एक शिक्का पुरतो. अमिराती आणि कुवेतसाठी त्यांच्या वकिलातीची मोहरही लागते. नंतर अरबी भाषांतर. एवढे करून गाडी अडते ती नावावर. दाखल्यावर माहेरचे आडनाव, पासपोर्टवर सासरचे, आधार कार्डावर मधले नावच नाही, हा प्रकार मराठी घरांत सर्रास आढळतो आणि प्रतिज्ञापत्राने तो दर वेळी सुटतोच असे नाही. लग्नानंतर लगेच दाखला काढून पासपोर्टवरची नावे जुळवून घेतलेली बरी.

जे रेषेखाली राहतात त्यांच्यासाठी आखातात एक शब्द आहे: ‘बॅचलर’. चार मुलांचा बाप असला तरी कुटुंब सोबत नसेल तर तो बॅचलर. हा नुसता बोलण्यातला शब्द नव्हे, त्यावर शहरांचे नकाशे आखले जातात. कतारने 2010 च्या 15 क्रमांकाच्या कायद्याने कुटुंबांच्या वस्तीत कामगारांची निवासस्थाने करायला बंदी केली. सौदी उपाहारगृहांत डिसेंबर 2019 पर्यंत कुटुंबांचे आणि एकट्या पुरुषांचे दरवाजे वेगळे ठेवणे सक्तीचे होते. बांधकाम, सफाई, ड्रायव्हिंग अशी कामे करणारे बहुसंख्य भारतीय याच गटात मोडतात. त्यांचे कुटुंब गावी असते आणि दर एक-दोन वर्षांनी रजेत भेटते.

आखातात जन्मल्याने तिथले नागरिकत्व मिळत नाही. भारतीय आई-बापांनी बाळाचा जन्म वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंदवून त्याचा पासपोर्ट काढायचा असतो. अमिरातीत 120 दिवसांत निवास परवाना काढला नाही तर दंड बसतो. पुढे मूल बहुधा भारतीय अभ्यासक्रमाच्या खाजगी शाळेत जाते. तिची फी मोठी असते आणि ती कंपनी भरते की बाप, यावर कुटुंब टिकणार की नाही हे बऱ्याचदा ठरते. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’साठी 2021 मध्ये कुवेत आणि दुबईत परीक्षाकेंद्रे निघाली, तरी दहावी-बारावीच्या सुमारास घर दुभंगण्याची चाल मोडलेली नाही. आई मुलांना घेऊन पुण्या-मुंबईला किंवा गावाजवळच्या शहरात बिऱ्हाड करते. बाप फ्लॅट सोडतो, एखाद्या खोलीत ‘बेडस्पेस’ म्हणजे एका खाटेची जागा भाड्याने घेतो आणि पंधरा-वीस वर्षांच्या संसारानंतर पुन्हा बॅचलर होतो.